मुलगी मैदानात टिकवायची तर

सातवीपर्यंत मुली पळतात. सोलापूरच्या भवानी पेठेतल्या कुठल्याही शाळेत मधल्या सुट्टीत जाऊन बघा, लंगडी आणि खो-खोत मुली मुलांच्या बरोबरीनं धुरळा उडवत असतात. त्याच सुट्टीत दहावीच्या मुली मात्र व्हरांड्यात भिंतीला टेकून उभ्या असतात आणि दहावीची मुलं मैदानावर क्रिकेट खेळत असतात. मधल्या तीन वर्षांत काय झालं, हे विचारायची आपल्याला सवय नाही. "मुलींना आवडच राहत नाही हो" म्हटलं की विषय संपतो.

मला हे पटत नाही. आवड अशी एकाएकी, सगळ्या मुलींची, नेमकी बाराव्या-तेराव्या वर्षी कशी संपेल? मुलगी मैदान सोडते त्यामागं पाच-सहा साध्या गोष्टी असतात: पाण्याचा दिवस, घरातलं काम, अंगावरचे कपडे, स्वच्छतागृहाचं कुलूप, संध्याकाळचा अंधार आणि शेजारच्यांची नजर. यातली एकही गोष्ट तिच्या पायांत किंवा मनात नसते. म्हणूनच त्या बदलता येतात. मड्डी वस्ती, घोंगडे वस्ती, रूपाभवानी मंदिराचा परिसर, जोडभावी पेठ अशा भागांत मुली वाढवणाऱ्या आईवडिलांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी हे लिहिते आहे.

आवड आणि संधी यांतला फरक अमेरिकेनं आकड्यांत दाखवून दिला. तिथं १९७१-७२ या शालेय वर्षात माध्यमिक शाळांच्या संघांत खेळणाऱ्या मुली सुमारे तीन लाख होत्या. १९७२ मध्ये कायदा झाला की सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कोणाला डावलता येणार नाही, आणि त्यात खेळही आला. आज तिथं अशा मुलींची संख्या चौतीस लाखांच्या आसपास आहे. पन्नास वर्षांत मुलींचा स्वभाव बदलला नाही, शाळांना दार उघडावं लागलं.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण तर डोळ्यांसमोर आहे. किरण नवगिरे माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची. ती आधी ॲथलेटिक्समध्ये होती, क्रिकेटकडे उशिरा वळली. २०२२ मध्ये नागालँडकडून पाहुणी खेळाडू म्हणून खेळताना तिनं अरुणाचल प्रदेशविरुद्ध ७६ चेंडूंत नाबाद १६२ धावा केल्या. टी-ट्वेंटीत दीडशेच्या पुढं गेलेली ती पहिली भारतीय. तोवर पुरुषांतही कोणाला ते जमलं नव्हतं. त्याच वर्षी ती भारताकडून खेळली. २०२३ च्या पहिल्या महिला प्रीमियर लीगमध्ये मात्र तिच्या बॅटवर कुठल्या कंपनीचं नाव नव्हतं, धोनीवरच्या प्रेमापोटी 'एमएसडी ०७' अशी हातानं लिहिलेली अक्षरं होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये महाराष्ट्राकडून खेळताना तिनं ३४ चेंडूंत शतक ठोकलं, महिलांच्या टी-ट्वेंटीतलं ते जगातलं सर्वांत वेगवान शतक ठरलं. एवढी ताकद या जिल्ह्याच्या मातीत निपजली. आपल्या पेठेतल्या किती मुलींच्या हातात शाळेत एकदा तरी बॅट दिली गेली, हा प्रश्न मला छळतो.

घरापासून सुरुवात करू, कारण शाळेचं मैदान रिकामं असलं तरी मुलगी घरातून निघाली पाहिजे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी घरातलं सगळं वेळापत्रक नळाभोवती फिरतं आणि बहुतेक घरांत हंडे-घागरी भरायला मुलगी थांबते. मुलगा सरावाला जातो. आठवड्यातून एक-दोन सराव असे बुडाले की सर म्हणतात, ही नियमित येत नाही. मग संघातलं नाव जातं. मुलीनं कुठंही हार मानलेली नसते, घरातल्या वाटपानंच तिला बाहेर काढलेलं असतं. उपाय फुकटचा आहे. पाण्याच्या दिवसाची पाळी लावा: एकदा मुलगी भरेल, एकदा मुलगा, एकदा वडील. पाळी कॅलेंडरवर लिहून ठेवा, तोंडी ठरलेलं टिकत नाही.

पूर्वभागातल्या घरांत विड्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. आई कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणते, हजाराच्या हिशेबानं विड्या वळून देते, त्या मजुरीवर घर चालतं. पानं कापायला, विड्यांची तोंडं बंद करायला मुलीचे हात लागतात. अशा आईला "मुलीला खेळायला पाठवा" असं नुसतं सांगणं मला अन्यायाचं वाटतं. तिच्या दृष्टीनं मुलीचा एक तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी. म्हणून शिक्षकांनी तिच्याशी तासाचा हिशेब मोकळेपणानं बोलावा. सराव सकाळी शाळेआधी ठेवला तर संध्याकाळचं काम बुडत नाही, आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात सकाळीच सराव घेण्यात शहाणपण आहे. आठवड्यातले तीनच दिवस मागा, पण ते पक्के मागा. आईला मराठीपेक्षा तेलुगू किंवा कन्नड जवळची असेल तर ती भाषा बोलणाऱ्या बाईंना बरोबर न्या. शाळेत बोलावून उभ्या-उभ्या सांगितलेल्या दहा गोष्टींपेक्षा तिच्या उंबऱ्यावर बसून सांगितलेली एक गोष्ट जास्त पोचते. आणि वयात येणाऱ्या मुलीनं दिवसभर तंबाखूच्या धुळीत बसू नये, हेही तिच्याइतकं कोणाला कळत नसतं. तिला त्यातून मुलीला बाहेर काढायचंच असतं. मैदान हा त्यातला एक रस्ता आहे, हे तिला दिसायला हवं.

आता शरीराविषयी. यावर घरात कुजबुजीत बोललं जातं आणि शाळेत बोललंच जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलीची छाती वाढू लागली की पळताना तिला दुखतं आणि लाजही वाटते. स्पोर्ट्स ब्रा ही चैनीची वस्तू नाही. बुटाआधी ती घ्या. खो-खो, कबड्डी अनवाणी किंवा साध्या कॅनव्हासवर खेळता येते, पण अंगाला आधार नसलेली मुलगी मोकळेपणी पळत नाही. आई किंवा अक्कानं बरोबर जाऊन मापाची घ्यावी. खेळाचा पोशाख म्हणून गडद रंगाची ट्रॅक पँट आणि सैल टी-शर्ट चालतो. ओढणी, पायघोळ सलवार सरावाच्या वेळी नको, पाय अडकून पडायला होतं. डोकं झाकणाऱ्या मुलींना घट्ट बसणारा, पिना नसलेला स्कार्फ घालून खेळता येतं. कपड्यांवरून मुलीला मैदानाबाहेर ठेवणं हे सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत चुकीचं. हाफ पँटच हवी असा हट्ट शिक्षकांनी धरू नये आणि खेळ बंद असा हट्ट घरानं धरू नये.

पाळीच्या दिवसांत खेळता येतं. दुखत असेल तर त्या दिवशी विश्रांती घ्यावी, नसेल तर पळावं. त्यानं गर्भाशयाला इजा होत नाही. दुखणं दर महिन्याला असह्य असेल किंवा रक्तस्राव फार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा, "होतंच असतं" म्हणून सोडू नका. शाळेनं खेळसाहित्याच्या कपाटात सॅनिटरी पॅडची पाकिटं ठेवावीत आणि त्या कपाटाची चावी एका बाईंकडे द्यावी. मुलींचं स्वच्छतागृह सरावाच्या वेळीही उघडं हवं. कित्येकदा शाळा सुटली की शिपाई त्याला कुलूप लावतो आणि पाच वाजताच्या सरावाला मुली पाणी न पिता येतात. मुली गळतात त्या अशा कारणांनी, आणि हे कारण कुठल्याही अहवालात येत नाही.

आहाराचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. धाप लागणारी, लगेच दमणारी मुलगी आळशी नसते, बहुधा तिचं हिमोग्लोबिन कमी असतं. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी जेवणानंतर घ्यायला लावा, चहाबरोबर नको, कारण चहा लोह अंगी लागू देत नाही. बाकी आपलं सोलापुरी ताट चांगलं आहे: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, हुलग्याचं माडगं, शेंगाचटणी, वर लिंबू. फक्त ते मुलीच्या ताटात मुलाइतकं पडलं पाहिजे. अंडं घरात एकच असेल तर ते कोणाला मिळतं, हे प्रत्येक घरानं स्वतःला विचारावं.

"मुलीच्या जातीला एवढी दमछाक झेपत नाही" हे मी अजून ऐकते. ऑलिम्पिकवाल्यांनाही तसंच वाटत होतं. १९२८ मध्ये बायकांची आठशे मीटरची शर्यत झाली आणि शेवटी धावपटू दमून पडल्या असा बोभाटा करून ती बंद केली, ती थेट १९६० मध्ये परत आली. बायकांची मॅरेथॉन ऑलिम्पिकमध्ये यायला १९८४ उजाडावं लागलं. आपल्याला तर हे कोणी समजावून सांगायची गरज नाही. कोजागरीला सोलापुरातून माणसांचे थवे तुळजापूरला पायी निघतात, साधारण पंचेचाळीस किलोमीटर, आणि त्यांत बायका-पोरी किती असतात हे रूपाभवानीच्या रस्त्यावर राहणाऱ्या प्रत्येकानं पाहिलंय. कित्येक जणी अनवाणी जातात. रात्रभर चालून भवानीआईच्या पायरीशी पोचणाऱ्या मुलीला दोनशे मीटर पळणं झेपणार नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणायचं?

शाळेशी कसं बोलावं, हे अनेक पालकांना कळत नाही. भांडायला गेल्यासारखं वाटतं आणि मुलीवर राग निघेल अशी भीती असते. त्यामुळे एकटं जाऊ नका, चार-पाच पालक मिळून जा, त्यात आया असू द्या. आणि तक्रार घेऊन जाण्याऐवजी प्रश्न घेऊन जा. यंदा शालेय स्पर्धांत शाळा मुलांचे कोणते संघ उतरवणार आहे आणि मुलींचे कोणते? क्रीडा तासाला मैदानाचा किती भाग मुलींना मिळतो? खेळसाहित्यावर गेल्या वर्षी काय घेतलं आणि ते कोणी वापरलं? मुलींच्या सरावाला कोण थांबतं? उत्तरं वहीत लिहून घ्या. पुष्कळ मुख्याध्यापकांनी स्वतःला हे प्रश्न कधी विचारलेले नसतात. विचारले की तेही चपापतात, आणि त्यातले बरेच जण खरोखर मदत करतात.

स्पर्धांचा क्रम माहीत असू द्या. राज्याच्या क्रीडा विभागाच्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात, मुलांच्या आणि मुलींच्या वेगळ्या. सोलापूर शहरातल्या शाळा महापालिका क्षेत्राच्या स्पर्धेत खेळतात, तिथून पुणे विभाग, मग राज्य, पुढं राष्ट्रीय. नावनोंदणी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच होते. मुलींचा संघ का नाही असं सप्टेंबरमध्ये विचारून उपयोग नसतो, जूनमध्येच विचारावं लागतं. मुलींचा संघ पुरा होत नाही, हे कारण शाळा देईल. मग शेजारच्या वर्गांतून, खालच्या इयत्तांतून मुली गोळा करायला पालकांनीच मदत करावी. सांघिक खेळ जमत नसेल तर धावणं, गोळाफेक, लांब उडी यांत एकटी मुलगीही उतरू शकते.

अनुदानित किंवा सरकारी शाळा असेल तर तुमच्या हातात आणखी एक साधन आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. सरकारी शाळेत विकास आराखडाही ही समिती करते; अनुदानित शाळेत तिचं काम सल्ल्याचं असतं. त्याच कायद्याच्या परिशिष्टात मैदान, खेळाचं साहित्य आणि मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं या शाळेच्या आवश्यक गोष्टी म्हणून लिहिलेल्या आहेत. समितीच्या महिला सदस्य पुष्कळदा सहीपुरत्या बोलावल्या जातात. बाईंनो, सही करण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा, आणि "मुलींच्या सरावाच्या वेळी स्वच्छतागृह उघडं राहील" हे एक वाक्य त्यात लिहून घ्या. लेखी अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.

मैदान लहान आहे, ही भवानी पेठेतली खरी अडचण. इमारतींच्या मध्ये मिळेल तेवढी जागा. पण खो-खोला २७ बाय १६ मीटर जागा आणि दोन खांब पुरतात, महिला कबड्डीचं मैदान तर १२ बाय ८ मीटरचंच असतं. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातली सारिका काळे याच खो-खोत भारताची कर्णधार झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघानं सुवर्ण जिंकलं आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवून जिंकला. जागा लहान असेल तर ती वाटून घ्या: सोमवार, बुधवार, शुक्रवार मुली, बाकीचे दिवस मुलं, आणि हे फळ्यावर लिहा. न लिहिलेलं मैदान नेहमी मुलांचं होतं. मुलींच्या दिवशी मुलांनी कडेनं चेंडू मारत राहायचं नाही, हे सरांनी एकदा ठामपणे सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

सुरक्षिततेचं बोलल्याशिवाय पालक मुलीला पाठवणार नाहीत, आणि त्यांची भीती खोटी नाही. जानेवारी २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक यांच्यासारख्या ऑलिम्पिक खेळलेल्या कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर बसल्या, तेव्हा देशभरातल्या घरांत "बघ, म्हणून म्हणतो" असं म्हटलं गेलं असणार. पण मुलीला घरी बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा तिला देणं. त्याऐवजी अटी घाला. परगावच्या स्पर्धेला महिला शिक्षक किंवा एखादी आई बरोबर हवीच. मुक्काम कुठं, खोलीत कोण, परतीची गाडी किती वाजता, हे निघण्याआधी लेखी मिळायला हवं. प्रशिक्षकानं मुलीला एकटीला बंद खोलीत बोलावायचं नाही, रात्री वैयक्तिक मेसेज करायचे नाहीत. सूचना पालकांच्या गटावर द्यायच्या. शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती स्थापन करण्याचे आदेश राज्य शासनानं २०२२ मध्ये दिले आहेत; तुमच्या शाळेत ती आहे का आणि तिच्यात कोण आहे, हे मुलीला माहीत हवं. काही घडलं तर १०९८ हा मुलांसाठीचा क्रमांक आहे. पॉक्सो कायद्यानुसार मुलांवरचा लैंगिक गुन्हा कळूनही पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, त्यामुळे "शाळेची बदनामी नको" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. सगळ्यांत आधी मात्र घरात एवढं बोला, की काही विचित्र वाटलं तर सांग, तुझा खेळ आम्ही बंद करणार नाही. खेळ बंद होईल या भीतीनंच मुली गप्प राहतात.

भावांशीही बोला. गल्लीत बहीण पळताना कोणी टोमणा मारला तर भाऊ दोन गोष्टी करू शकतो: तिला घरात जायला सांगणं किंवा टोमणा मारणाऱ्याला गप्प करणं. पहिली सोपी म्हणून बहुतेक जण तीच करतात.

पैशाच्या बाबतीतली दरी वरच्या पातळीवर थोडी बुजते आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळानं महिला आणि पुरुष खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी मुंबईत भारतीय महिलांनी विश्वचषक जिंकला तो सगळ्यांनी पाहिला. संधीची दरी मात्र कबड्डीत बघा: आशियाई स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० मध्ये आली, बायकांची २०१० मध्ये, आणि ज्या वर्षी आली त्याच वर्षी आपल्या मुलींनी सुवर्ण आणलं. वीस वर्षांत कितीतरी चांगल्या खेळाडूंचं वय निघून गेलं.

शेवटी कागदपत्रं, कारण इथं मुलींचं नुकसान गुपचूप होतं. स्पर्धेचं प्रत्येक प्रमाणपत्र, अगदी सहभागाचंही, एका फाइलमध्ये ठेवा आणि त्याची छायाप्रत शाळेत द्या. आधार कार्ड, शाळेचा दाखला आणि जन्मदाखला यांवरचं नाव आणि जन्मतारीख एक आहे का ते आत्ताच तपासा. तेलुगू, कन्नड आडनावांचं स्पेलिंग तीन कागदांवर तीन प्रकारचं असतं आणि ऐन नोंदणीत मुलगी अडकते. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे क्रीडा गुण मिळतात, पण त्याचा प्रस्ताव शाळेनं जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत वेळेत पाठवावा लागतो. त्या वर्षीचे नियम आणि मुदत दिवाळीनंतर विचारून ठेवा. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. त्यासाठी क्रीडा प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. लग्न झाल्यावर मुलीचं नाव बदललं तर जुन्या नावाच्या प्रमाणपत्रांना जोडायला विवाह नोंदणीचा दाखला लागतो. ती फाइल माहेरी कपाटात ठेवू नका, तिच्याबरोबर सासरी द्या.